खाद्यस्मृती आणि प्रेम-रहस्य: नागपुरात नव्यानं वाचायला बसणाऱ्यांसाठी

खाण्याच्या आठवणी सांगणारी पुस्तकं आणि प्रेमकथेत रहस्य गुंफलेल्या कादंबऱ्या, या दोन्हींची गोडी असलेले वाचक बरेच असतात. त्याला कारणही आहे. दोन्ही प्रकार वाट बघायला लावतात. गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं, झाकण अजून उघडलेलं नसतं, पण वास आलेला असतो. माडीवरची खोली बंद असते, पण आत कुणीतरी आहे हे कळलेलं असतं. वाट बघण्यातली ही मजा एकदा कळली की दोन्ही कपाटं आपली होतात.

नवा वाचक अडतो तो वेगापाशी. खाद्यस्मृतींचं पुस्तक तो कादंबरीसारखं भराभर वाचतो आणि तिसऱ्या प्रकरणात कंटाळतो. रहस्य मात्र रोज पाच-पाच पानं करून महिनाभर रेंगाळवतो, मग कोण कुणाचा दीर हेच आठवत नाही. या दोन चुका टाळल्या तर बाकीचं सोपं आहे. पुस्तक मिळवण्यापासून ते नागपूरच्या उन्हाळ्यात ते सांभाळण्यापर्यंत सगळं इथे क्रमानं दिलं आहे.

१. आधी एवढं जवळ ठेवा

वाचनालयासाठी:
- आधार कार्डाची झेरॉक्स आणि पडताळणीसाठी मूळ कार्ड
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- भाड्यानं राहत असाल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा (वीजबिल किंवा भाडेकरार)
- अनामत आणि पहिल्या महिन्याची वर्गणी, शक्यतो सुटे पैसे

वाचायला बसताना:
- दोनशे पानी वही आणि पेन्सिल (वाचनालयाच्या पुस्तकावर पेननं खूण करायची नाही)
- पोस्टकार्डाएवढे कोरे पुठ्ठे, पात्रांची नावं लिहायला
- स्वयंपाकघरातली एक ठरलेली वाटी आणि वजनकाटा

काटा कशाला, ते पाचव्या पायरीत कळेल.

२. वाचनालयाचं सदस्यत्व, आणि नेमकं कपाट

राज्यातली अनुदानित सार्वजनिक वाचनालयं १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली येतात. त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग दिलेले असतात. वर्ग वरचा असला तर संग्रह साधारणपणे मोठा असतो. पण आपल्याला हवी ती पुस्तकं तिथे आहेतच असं यावरून ठरत नाही, म्हणून पैसे भरण्याआधी कपाटं बघून या. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, विदर्भ साहित्य संघ आहे. संस्था १९२३ पासूनची, त्यामुळे विदर्भातल्या लेखकांचं जुनं लेखन शोधायला सुरुवात तिथून करावी. मेट्रोनं झाशी राणी चौकाला उतरलात की पायी जाता येतं.

काउंटरवर चार गोष्टी विचारून घ्या. एका वेळी पुस्तकं किती मिळतात? मासिकं आणि दिवाळी अंक त्याच वर्गणीत मिळतात का? उशिराचा दंड दिवसाला किती? कपाटापर्यंत आपल्याला जाता येतं, की चिठ्ठी द्यावी लागते? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण या दोन्ही प्रकारांना स्वतःचं असं कपाट नसतं. जिथे फक्त चिठ्ठी चालते तिथे नव्या वाचकाला नावच ठाऊक नसतं, मग मागणार काय?

दशांश वर्गीकरणानं, म्हणजे दर विषयाला आकडा देऊन, लावलेल्या वाचनालयात हे आकडे लक्षात ठेवा. पाककृती ६४१.५ वर असतात. खाद्यस्मृती मात्र तिथे सहसा सापडत नाहीत. त्या मराठी ललितलेखनात म्हणजे ८९१.४६४ वर, नाहीतर चरित्र-आत्मचरित्रात ९२० च्या आसपास असतात. मराठी कादंबरी ८९१.४६३, इंग्लंडची इंग्रजी कादंबरी ८२३, अमेरिकेची ८१३. प्रेम-रहस्य या शेवटच्या तिन्हींमध्ये विखुरलेलं असतं. आकड्यांऐवजी नुसतं 'कादंबरी', 'रहस्यकथा', 'सामाजिक', 'ललित' लिहिलेलं असेल तर 'रहस्यकथा' आणि 'सामाजिक' अशी दोन्ही कपाटं चाळायची.

दिवाळी अंक विसरू नका. ही परंपरा १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकापासून सुरू झाली. आजही एका अंकात आजोळच्या फराळावरचा ललितलेख आणि दीर्घ रहस्यकथा मांडीला मांडी लावून बसलेल्या सापडतात. कोणता लेखक आपल्याला रुचतो हे आजमावायला इतकी स्वस्त सोय दुसरी नाही. डिसेंबर-जानेवारीत वाचनालयांतली अंकांची गर्दी ओसरते, तेव्हा मागा.

३. जुनी पुस्तकं घेताना फर्मे मोजा

बर्डीवर जुनी पुस्तकं घेताना लोक मुखपृष्ठ बघतात आणि भाव करतात. रहस्यकादंबरीला हे पुरत नाही. पुस्तक आठ किंवा सोळा पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुड्यांनी, शिवलेलं असतं. जुन्या प्रतीतून एखादा फर्मा निसटला तर सलग सोळा पानं गेली, आणि बहुतेक वेळा जातो तो पहिला किंवा शेवटचा. खाद्यस्मृतीतला एखादा लेख गेला तर हळहळ वाटते, पण रहस्याचा शेवटचा फर्मा गेला तर पुस्तकच गेलं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. पुस्तक उभं धरून वरच्या कडेनं शिवणीकडे बघा, फर्म्यांच्या जुड्या दिसतात. शेवटच्या छापील पानाचा आकडा बघा आणि मागे येत दर सोळा पानांवर क्रमांक सलग आहे का ते पाहा. काही जुन्या मराठी पुस्तकांत फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक अक्षरात फर्म्याचा आकडा असतो, तो दिसला तर काम आणखी सोपं. हे करताना शेवटच्या पानावर नजर जाऊ द्यायची नाही, वरच्या कोपऱ्यातला आकडा तेवढा बघायचा.

मग शीर्षकामागचं पान. 'अनुवाद', 'रूपांतर', 'संक्षिप्त' आणि 'आधारित' हे चार शब्द चार वेगळ्या गोष्टी सांगतात. रूपांतरात नावं-गावं बदललेली असतात. संक्षिप्तमध्ये बहुधा प्रेमकथेची प्रकरणं कापलेली असतात, कारण संपादकाला ती फापटपसारा वाटतात. प्रेम-रहस्यात तीच अर्धी कथा असते. 'संक्षिप्त' दिसलं की पुस्तक परत ठेवा.

४. खाद्यस्मृतींचं पुस्तक पारखणं

पाककृतींचं पुस्तक वेगळं आणि खाण्याच्या आठवणींचं वेगळं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१० चं, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० चं. ही दोन्ही करून खायची पुस्तकं. स्मृतिलेखनात पदार्थ हे निमित्त असतं. खरा विषय असतो तो घर, माणसं आणि गेलेला काळ. पाककृती शोधायला गेलात तर निराश व्हाल.

दुकानात उभ्यानं करायची एक चाचणी आहे. मधलं कुठलंही पान उघडा आणि 'अप्रतिम', 'लाजवाब', 'अवीट', 'स्वर्गीय' असे शब्द मोजा. एका पानावर तीनपेक्षा जास्त निघाले तर पुस्तक ठेवून द्या. चांगला लेखक चव सांगत नाही, भांडं सांगतो, हात सांगतो. पाटोडीच्या (बेसनाच्या वड्यांच्या) रश्श्यावर तर्री, म्हणजे लाल तेलाचा तवंग, कधी वर आली, वड्या कुणी कापल्या, उरलेला रस्सा दुसऱ्या सकाळी कशाशी खाल्ला, हे त्याच्या पानावर असतं.

दुसरी कसोटी अधिक कठोर आहे, आणि ती लावावीच. हे सगळं रांधलं कुणी, आणि ती कधी जेवली? पंधरा माणसांच्या पुरणाच्या आठवणी लिहिताना पाट्यावर पुरण वाटणारी बाई पुस्तकात दिसत नसेल, तर ती आठवण अर्धवट आहे. चुलीचा धूर, डोळ्यांतलं पाणी, शेवटच्या पंगतीला संपलेलं तूप हेही त्याच पानावर यायला हवं. अशी पुस्तकं कमी आहेत, पण पुन्हा वाचाविशी वाटतात ती हीच.

वाचायचं एका बैठकीला एक लेख. फार तर दोन. आणि उपाशीपोटी वाचू नका: भुकेला माणूस वर्णनं ओलांडून पुढे पळतो.

५. मापं, नाणी आणि नागपुरी शब्द

नव्या वाचकाचा सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

जुन्या लेखनातला शेर दोन प्रकारचा असतो. तोलायचा शेर म्हणजे ८० तोळे, साधारण ९३३ ग्रॅम. त्याचा पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास, आणि छटाक म्हणजे पाच तोळे, साधारण ५८ ग्रॅम. मापायचा शेर निराळा. ते धान्य भरून मोजायचं भांडं असतं. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. मापी शेरभर तांदूळ आणि मापी शेरभर पीठ यांचं वजन सारखं भरत नाही. तूप, साखर, खवा आला तर बहुधा तोलाचा शेर समजा. धान्य-डाळ आली आणि जवळपास पायलीचा उल्लेख असला तर मापाचा. वहीत पहिल्याच पानावर हे लिहून ठेवा, आणि आपल्या घरच्या वाटीत तांदूळ, डाळ, बेसन किती ग्रॅम मावतं ते काट्यावर एकदा तोलून शेजारी टिपा. मग कुठलंही पुस्तक वाचताना डोळ्यांसमोर खरा ढीग उभा राहतो.

पैशांचं असं. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. त्यानंतर शंभर नये पैसे. 'दोन आण्यांची भजी' म्हणजे रुपयाचा आठवा हिस्सा. आजच्या भावाशी त्याची तुलना करून हळहळण्यात अर्थ नाही. त्याच पुस्तकात मजुरी किंवा पगार किती दिला आहे ते शोधा आणि त्याच्याशी ताडून बघा. भजी स्वस्त होती की नव्हती हे तेव्हाच कळतं.

राहिले शब्द. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि हिंदी इथे स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली आहे. पुण्या-मुंबईहून इथे आलेल्या वाचकानं एवढे तरी टिपून घ्यावेत:
- सांबार: कोथिंबीर. सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली पुडाची वडी. इडलीबरोबरच्या सांबाराशी तिचा संबंध नाही.
- चून: बेसनाचं पिठलं. 'चून-भाकर' ही जोडी वारंवार भेटेल.
- आलू, टमाटर, फल्ली: बटाटा, टोमॅटो, भुईमूग. फल्लीचं तेल म्हणजे शेंगदाण्याचं.
- गंज: पातेलं. सराटा: उलथणं.
- तर्री: रश्श्यावर तरंगणारं तिखट लाल तेल. तर्री-पोह्यांवर मात्र चण्याचा तिखट रस्साच ओततात.

यातला 'गंज' वाचून लोखंडाचा गंज समजणारे वाचक खरंच असतात, आणि मग सबंध वाक्य उलटं वाचलं जातं.

६. पुस्तकातला एक पदार्थ करून बघा

सगळे नाही, दर पुस्तकामागे एकच. हातानं केल्यावर लेखकाचं निरीक्षण खरं की उसनं हे समजतं. सुरुवातीला गोळाभात बरा. वैदर्भीय आठवणींत तो हमखास येतो आणि सामान घरचंच लागतं.

चार माणसांना दोन वाट्या तांदूळ, एक वाटी हरभरा डाळीचा भरडा. भरड्यात हळद, तिखट, मीठ, हिंग, थोडा ओवा आणि दोन मोठे चमचे तेल चोळून घ्या. मग हातावर पाणी घेत लिंबाएवढे गोळे वळा. भात पातेल्यात करा. पाणी आटून तांदळावर छिद्रं दिसू लागली की गोळे वर ठेवा, थोडे भातात दाबा, घट्ट झाकण घालून मंद आचेवर पंधरा मिनिटं वाफ द्या. वाढताना एक-दोन गोळे भातात फोडायचे आणि वर मोहरी, हिंग, सुक्या लाल मिरच्यांची तेलाची फोडणी सढळ हातानं घ्यायची. सोबत कढी किंवा चिंचेचं सार.

हा फसतो तो दोन ठिकाणी. भरड्याऐवजी बारीक बेसन घेतलं तर गोळे चिकट आणि दडस होतात, कारण वाफ आत शिरायला जागाच राहत नाही. भातात पाणी असतानाच गोळे टाकले तर ते विरघळून सगळ्याची पिवळी खिचडी होते. आता पुस्तकाकडे परत या. 'गोळा फोडला की कण मोकळे होत' असं लेखकानं लिहिलं असेल तर त्यानं बघून लिहिलं आहे. 'लोण्यासारखा गोळा' लिहिलं असेल तर ऐकीव आहे.

७. प्रेम-रहस्य म्हणजे नेमकं काय

रहस्यकथेत प्रेमाचा एखादा धागा असतोच, म्हणून ती प्रेम-रहस्य होत नाही. खूण अशी: मनातल्या मनात प्रेमकथा काढून टाका. गुन्ह्याची कथा तरीही जशीच्या तशी उभी राहिली तर ती नुसती रहस्यकथा. आता धोका काढून टाका. प्रेमकथा काहीही न बदलता पुढे गेली तर ती नुसती प्रेमकथा. दोन्हींपैकी एक काढलं की दुसरं कोसळतं, ते प्रेम-रहस्य. बहुधा ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्यावरच संशय असतो, आणि नायिकेला पुरावा मिळण्याआधी निर्णय घ्यावा लागतो.

या प्रकाराची मुळं अठराव्या शतकाच्या शेवटी ॲन रॅडक्लिफ यांच्या किल्ल्या-तळघरांच्या कादंबऱ्यांत आहेत. १९६०-७० च्या दशकांत अमेरिकेत त्याच वळणाच्या पेपरबॅक कादंबऱ्यांचं पेव फुटलं होतं. त्यांची मुखपृष्ठं जुन्या पुस्तकांत आजही चटकन ओळखता येतात: अंधारा वाडा, एकाच खिडकीत दिवा, आणि वाड्यापासून दूर पळणारी तरुणी. असं मुखपृष्ठ दिसलं तर वातावरण दाट, रक्तपात कमी. अलीकडच्या पुस्तकांत पोलीस, सैनिक किंवा अंगरक्षक नायक असतो, वेग जास्त असतो आणि शारीर प्रसंगही मोकळे असतात. घरातल्या शाळकरी मुलांच्या हाती पडणार असेल तर आधी चाळून घ्या.

मालिकेतलं पुस्तक असेल तर क्रम पाहा. दुसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर पहिल्या भागातलं जोडपं सुखानं चहा पीत बसलेलं असतं. मग पहिल्यात कोण वाचलं याची हुरहूर कुठून येणार?

८. रहस्य वाचायची रीत

प्रस्तावना आधी वाचू नका. गाजलेल्या जुन्या कादंबऱ्यांच्या अभ्यासपूर्ण प्रस्तावनांत शेवट उघडा केलेला असतो. मलपृष्ठाच्याही पहिल्या दोन ओळी पुरेत.

पुठ्ठ्यावर पात्रांची यादी करा. नाव, नातं, पहिल्यांदा भेटलं ते पान, एवढंच. निवेदक 'मी' असेल तर तीही नोंद हवी, कारण 'मी' काय सांगत नाही तेच पुढे महत्त्वाचं ठरतं. डॅफ्ने द्यू मोरिए यांच्या १९३८ च्या 'रिबेका'त तर निवेदिकेचं स्वतःचं नाव अखेरपर्यंत येत नाही. पुठ्ठ्यावर नावाची जागा कोरी राहते, आणि तिला त्या घरात स्वतःची जागा नाही हे त्या कोऱ्या जागेकडे बघून जास्त जाणवतं.

पहिली पन्नासेक पानं एका बैठकीत वाचा. तिथे थांबून वहीत तीन उत्तरं लिहा: धोका कुणापासून वाटतो, नायिका काय लपवते आहे, नायकाचं कुठलं वागणं दोन अर्थांनी घेता येतं. पुस्तकाचा दोन तृतीयांश भाग झाला की पुन्हा तीच तीन उत्तरं, पहिली न बघता. दोन्ही सारखी आली तर एकतर लेखक कच्चा आहे किंवा त्यानं तुम्हाला पुरतं गुंगवलं आहे. शेवट वाचल्यावर कळेलच.

संपल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. गुन्हेगार पहिल्या तृतीयांशात आपल्यासमोर येऊन गेला होता का? खूण दाखवून मग नजर दुसरीकडे वळवली होती का? असेल तर लेखक प्रामाणिक. शेवटच्या वीस पानांत अचानक उगवलेला जुळा भाऊ हा वाचकाशी केलेला दगा आहे, त्या लेखकाचं दुसरं पुस्तक घेऊ नका.

९. दोन्ही एकत्र कसं चालवायचं

आठवड्याच्या पाच संध्याकाळी खाद्यस्मृतीचा एकेक लेख, जेवणानंतर, वीस मिनिटं. रहस्यासाठी सुटीच्या दिवशी तीन-चार तासांचा सलग तुकडा. मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच कुणी बाहेर पडत नाही. रहस्य वाचायला याहून चांगली वेळ वर्षात नाही. आठवणींचं वाचन हिवाळ्यात जास्त मुरतं. त्या दिवसांत बाजारात सांबाराच्या जुड्या स्वस्त असतात, आणि सांबारवडीवरचा लेख वाचून उठल्यावर पिशवी घेऊन निघता येतं.

एकाच दिवशी दोन्ही वाचायची वेळ आली तर आधी रहस्य, मग खाणं. उलट केलंत तर झोप येणार नाही.

१०. नागपूरच्या हवेत पुस्तक टिकवणं

उन्हाळ्यात पुस्तकांचा मोठा शत्रू म्हणजे डेझर्ट कूलर. त्याची ओलसर हवा थेट कपाटावर आली की पानं लहरी होतात, शिवण सैल पडते आणि पुठ्ठा वाकतो. कपाट कूलरच्या समोरच्या भिंतीला नको, बाजूच्या भिंतीला ठेवा, आणि वाचून झालेलं पुस्तक रात्री कूलरपुढच्या स्टुलावर सोडू नका. भिजलेलं पुस्तक उन्हात ठेवायचं नाही, पानं पिवळी पडून कडक होतात. दर वीस-पंचवीस पानांत कोरा कागद घालून पंख्याखाली उभं ठेवा आणि कागद दोन-तीन तासांनी बदला.

पावसाळ्यात कसर आणि वाळवी लागते. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर हवं, खालचा कप्पा जमिनीला टेकलेला नको. कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा. ओला पाला ठेवलात तर बुरशी धरते. जुनं विकत घेतलेलं पुस्तक घरच्या कपाटात लगेच लावू नका. आठ दिवस वेगळं ठेवा, रोज पानं फडफडवा, शिवणीत भुकटी पडते का बघा. स्वयंपाक करताना पुस्तक ओट्यावर न्यायचंच असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत उघडं घालून न्या, आणि वाचनालयाचं असेल तर नेऊच नका: लागणारी कृती आधी वहीत उतरवून घ्या.